बिनभोकाचं कातडं

टॉल्व्हर गावात घरी बंदूक नसलेली माणसं दोनच, असा सगळ्यांचा समज होता. एक चर्चचे पास्टर आणि दुसरा एल्डन रस्टॅड. पैकी पास्टरांकडे दोन होत्या, हे पुढे उघडकीला आलं. म्हणजे राहता राहिला एल्डन. दक्षिण डकोटाच्या माळावर जन्म काढायचा आणि बंदूक बाळगायची नाही, हे जरा अतीच झालं. पण एल्डनचा तसा कुणाला उपद्रव नव्हता, म्हणून गावाने त्याला सांभाळून घेतलं होतं.

नोकरी त्याने पीकविम्यात केली. गारपीट झाली की एल्डन गाडी घेऊन शेतात हजर. मक्याच्या पानाला भोकं किती, केवढी, पान जगेल की गेलं, हे बघून नुकसान ठरवायचं. त्यासाठी त्याच्या खिशात एक पारदर्शक पट्टी असे, तिच्यावर लहानमोठी वर्तुळं छापलेली. ती भोकावर ठेवायची आणि आकडा सांगायचा. उभा जन्म असा भोकं मोजण्यात गेल्यामुळे एल्डनच्या स्वभावात एक शास्त्रशुद्धपणा आला होता, असं तो म्हणे. बायको मार्व्हा त्याला किरकिरेपणा म्हणे. आता निवृत्त होऊन तो घरी बसला होता आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं.

या माणसाने बंदूक घ्यायचं मनात आणलं ते एका कोटापायी.

मार्व्हा आणि तिची थोरली बहीण लव्हॉन दर हिवाळ्यात मिळून एक कोट शिवायच्या. लव्हॉन कापायची, मार्व्हा शिवायची. कोट पुरा झाला की लव्हॉन दोन पावलं मागे सरायची, कंबरेवर हात ठेवून डोकं तिरकं करायची आणि म्हणायची, "वाईट नाही." आमच्याकडे यापेक्षा मोठी स्तुती नाही. इथे लग्नात नवरदेवसुद्धा नवरीला बघून "वाईट नाही" म्हणतो आणि नवरी सुखावते. तर गेल्या वर्षी लव्हॉन गेली. शेवटचा कोट शिवणाच्या खोलीत लाकडी पुतळ्यावर तसाच राहिला. सगळा झाला होता, फक्त गळ्याशी फरची कॉलर लावायची होती. कॉलर जिथे बसवायची तिथे लव्हॉनने स्वतःच्या हाताने टाचण्या टोचून ठेवल्या होत्या. मार्व्हाने त्या दिवसापासून मशीनला हात लावला नाही. खोलीचं दार ओढून घेतलं ते घेतलंच.

एल्डनला यातलं काही बोलता येत नसे. गारपिटीनंतर बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याशीही त्याला कधी नीट बोलता आलं नाही, पट्टी बरी पडायची. पण एकदा सकाळी धीर करून तो म्हणाला, "मार्व्हा, तो कोट पुरा कर ना. हिवाळा आला."

मार्व्हा भांडी पुसत होती. मागे न वळताच म्हणाली, "कॉलरीला कायोटीचं कातडं लागतं. तेही अख्खं. एक भोक चालायचं नाही. आण तू, मग बघू."

आता हा कायोटी म्हणजे कोल्ह्याचा थोरला भाऊ आणि लांडग्याचा धाकटा. हिवाळ्यात त्याच्या अंगावर अशी दाट लव येते की हात घातला तर बोटं दिसत नाहीत. हा प्राणी माळावर जागोजाग आहे, कोकरं पळवतो, त्यामुळे मारायलाही कुणाची हरकत नाही. हरकत एकच. गोळी घातल्याशिवाय तो मरत नाही आणि गोळी घातली की भोक पडतं.

दुसरा कोणी असता तर बायको टाळते आहे हे ओळखून गप्प बसला असता. एल्डनने खिशातली पट्टी चाचपली. वर्षभरात बायकोने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं आणि ते नेमकं भोकांच्या खात्यातलं निघालं.

टॉल्व्हरमध्ये सल्ला हवा असला तर धान्याच्या कोठीवर जायचं. तिथे मागच्या खोलीत सकाळी टेबलाभोवती मंडळी जमतात, फासे टाकून हरेल त्याने कॉफीचे पैसे द्यायचे. एल्डनने आवाज खाली आणून विचारलं, "समजा एखाद्याला कायोटी मारायचा आहे, पण कातडं खराब करायचं नाही, आणि बंदूक फार महाग नको. तर कुठली घ्यावी?"

टेबलावर शांतता पसरली. फासे टाकायचे राहिले. अशी शांतता मागे गावाच्या वेशीला पुराचं पाणी लागलं तेव्हा झाली होती.

"समजा कशाला?" शेजारचा डुवेन शेफर म्हणाला. "मार्व्हाला कॉलर हवी आहे ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू आत्ताच. शिवाय तुझ्या मेहुणीच्या कोटाला कॉलर नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ट्वेंटी-टू-फिफ्टी नंबराची बंदूक घे. गोळी विजेसारखी जाते, आत शिरते आणि आतच तिचा भुगा होतो. बाहेर यायचा प्रश्नच नाही. आत जायचं भोक टाचणीएवढं."

"आणि जरा खांद्याच्या हाडाला लागली," ऑर्व्हिल हाऊगन म्हणाले, "तर त्या टाचणीच्या भोकातून तुझं डोकं जाईल." ऑर्व्हिल गावातले सगळ्यात जुने गाई-मेंढीवाले, ऐंशीच्या घरातले. "पोरा, मी सांगतो. सेव्हन्टीन घे. डासाएवढी गोळी."

"डासाने कायोटी मरतो होय!" डुवेन उखडला. "वारा आला की ती गोळी शेजारच्या जिल्ह्यात!"

"मग जवळ येईपर्यंत थांबायचं. तुम्हा पोरांना थांबता येत नाही, तिथेच सगळं घोडं पेंड खातं." डुवेन साठीचा होता.

तिसऱ्याने टू-फोर-थ्रीचा पुकारा केला. तिच्याने हरीणही मारता येतं, म्हणजे एका पैशात दोन कामं. चौथा म्हणाला, हरणाच्या बंदुकीने कायोटी मारायचा तर मग सरळ ट्रॅक्टरच घाल ना अंगावर. गोळी आत फुटणारी घ्यावी की आरपार जाणारी घ्यावी, यावर दोन तट पडले. आत फुटणारीने एक भोक पडतं पण ते केवढं पडेल सांगता येत नाही, आरपार जाणारीने दोन पडतात पण बारीक पडतात. एल्डन सगळं ऐकत होता. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काही जात नाही हे त्याला ठाऊक होतं, पण इतक्या माणसांच्या बापांचं एकाच वेळी काही जात नाही हे त्याने प्रथमच पाहिलं. शेवटी फासे पडले आणि कॉफीचे पैसे त्यालाच द्यावे लागले.

निवड झाली ती खिशाच्या सल्ल्याने. गस ट्वेट हा गावचा न्हावी, आणि दुकानाच्या मागच्या भागात तो बंदुका विकतो, कातडी कमावतो आणि मासे पेंढा भरून देतो. त्याच्याकडे एक टू-टू-थ्री पडून होती. गोळ्या स्वस्त, धक्का कमी, नेम बरा. किंमत ऐकून एल्डनला संशय आला.

"इतकी स्वस्त का?"

"डावखुऱ्याची आहे," गस म्हणाला. "गोळी चढवायचा दांडा डावीकडे. गावातला एकुलता एक डावखुरा ॲरिझोनाला राहायला गेला. तुला काय, हाताची सवयच करायची. नाहीतरी तुला उजव्या हाताने तरी कुठे येते?"

या युक्तिवादात कुठेही फट नव्हती. एल्डनने घेतली.

म्हणजे घ्यायला निघाला. इथे बंदूक विकण्याआधी दुकानदाराला सरकारात फोन करून विचारावं लागतं की हा माणूस सरळ आहे ना. गावातल्या सगळ्यांचं उत्तर गस कात्री चालवता चालवता मिळवतो. एल्डनच्या वेळी गसने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "थांबायला सांगतायत."

"का?"

"कारण सांगत नाहीत. विलंब, एवढंच."

एल्डनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याने कधी गाडी हळू चालवण्याबद्दलसुद्धा बोलणी खाल्ली नव्हती, चर्चच्या गायनात जो उभा जन्म खालच्या पट्टीत गायला, त्याच्याविषयी सरकारला विचार करावासा वाटावा! खुर्चीत बसलेल्या, अर्धे केस कापलेल्या माणसाने आरशातून त्याच्याकडे नव्याने बघितलं. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी पास्टर घरी आले, कॉफी घेतली, आणि मार्व्हा आत गेल्याचं बघून हळूच म्हणाले, "एल्डन, मनावर काही ओझं असलं तर माझं दार उघडं आहे. आणि बंदुकीचंच म्हणशील तर माझी एक घेऊन जा. दोन आहेत." ते असे उघडकीला आले.

त्या आठवड्यात कोठीवर लोक एल्डनशी जरा अदबीने बोलू लागले. खरं सांगायचं तर ते त्याला बरं वाटलं. मग निरोप आला की दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात एक एल्डन रस्टॅड लोकांच्या होड्या पळवतो, आपला तो नव्हे. बंदूक मिळाली आणि अदब गेली.

आता डावा हात. डुवेनने सांगितलं, "बंदुकीपुरता डावा करून चालायचं नाही. दिवसभर सगळं डाव्यानेच कर. मग हाताला आपोआप कळतं." एल्डनने तंतोतंत ऐकलं. दाढी डाव्या हाताने केली आणि हनुवटीला चिकटपट्ट्या लावून टेबलाशी आला. चमचा डाव्या हातात धरला. सूप थोडं तोंडात गेलं, बरंच शर्टावर. कॉफीचा कप उचलताना हात थरथरला. मार्व्हा बघत राहिली. मग ती उठली, गॅस बंद केला, कोट चढवला, त्याच्याही खांद्यावर कोट टाकला आणि गाडीची किल्ली घेतली.

"कुठे?"

"दवाखान्यात. बोलू नकोस. जीभ जड वाटतेय का?"

"मला काही झालेलं नाही!"

"झटका आला तेव्हा लव्हॉनही हेच म्हणाली होती," मार्व्हा म्हणाली. यावर एल्डन गाडीत बसला.

डॉक्टर म्हणजे गावातलीच मुलगी, ब्रिटा. तिने त्याला हसायला लावलं, हात वर करायला लावले, रेघेवरून चालवलं. "काका, सगळं ठीक दिसतंय. मग उजवा हात का वापरत नाही?"

एल्डनने छताकडे बघितलं, मार्व्हाकडे बघितलं. सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "डावखुऱ्याची बंदूक घेतली आहे. कायोटीसाठी. कातडं अख्खं हवं आहे."

"गसची टू-टू-थ्री?" ब्रिटाचा चेहरा उजळला. "काका, हलकी गोळी घ्या. आणि समोरून मारा, आडवा असताना नको. बाबांचं तेच म्हणणं असतं." तिने सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, तपासणीचे घेतले.

एल्डनला वाटलं, आता मार्व्हा हसेल, नाहीतर रागवेल. दोन्हीतलं काही झालं नाही. परत येताना ती सबंध वाट खिडकीबाहेर बघत होती. घराशी गाडी थांबल्यावर म्हणाली, "तू खरंच आणणार आहेस?"

"हो तर."

"हं," ती म्हणाली, आणि आत गेली. ते "हं" एल्डनला आनंदाचं वाटलं. पट्टी नसली की त्याचं मोजमाप असंच चुकायचं.

तालीम त्याने शास्त्रशुद्ध केली. तळघरातला जुना गालिचा गवताच्या गठ्ठ्याला गुंडाळला, निरनिराळ्या गोळ्या झाडल्या, भोकांवर पट्टी ठेवून वर्तुळं लावून बघितली. हलकी, आत फुटणारी गोळी सर्वांत सभ्य ठरली. मार्व्हाच्या गालिच्याचं मात्र जाळं झालं. "मेला बिचारा," ती गालिच्याकडे बघून म्हणाली, "पण कायोटी नव्हता रे तो."

मग ऑर्व्हिलच्या रानात. बर्फात दिसू नये म्हणून अंगावर चादर घ्यायची, झुडपाशी बसायचं आणि सशाच्या किंचाळण्याचा आवाज काढणारी शिट्टी फुंकायची. घरात पांढरी चादर नव्हती, जांभळ्या फुलांची होती. एल्डनने फुंकायला सुरुवात केली. थोड्या वेळात बर्फ करकरला. टेकाडामागून ऑर्व्हिलच्या गाई आल्या. शिट्टीचा आवाज नेमका कशाचा हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्या त्याच्याभोवती अर्धगोल करून उभ्या राहिल्या आणि एकीने चादर चघळायला घेतली. पुढच्या खेपेला ऑर्व्हिलचा कुत्रा आला आणि शिट्टीच घेऊन गेला. नवी शिट्टी आणल्यावर कायोटी आला, बसला, एल्डनला खटका सापडेपर्यंत थांबला, आणि कंटाळून निघून गेला. कोठीवर रोज सकाळी पहिला प्रश्न तोच. "काय एल्डन, भोक पडलं का?" "अजून नाही." "मग कातडं अख्खंच आहे की!" सगळे हसायचे. एल्डन कॉफीत बघायचा. पण सोडायचं त्याच्या मनात आलं नाही. घरी त्या दाराशेजारून जाताना मार्व्हा पावलं हलकी टाकते, हे त्याने बघितलं होतं.

आणि एका सकाळी, वारा पडला असताना, एक कायोटी ओढ्याच्या काठाने आला. उन्हात त्याची पाठ सोन्याची दिसत होती. एल्डनने डाव्या डोळ्याने बघितलं, डाव्या बोटाने दाबलं. समोरून मारायचा होता. पण त्याच क्षणी कायोटीने मान वळवली आणि त्याची कूस समोर आली.

एल्डन जवळ गेला. खांद्यात भोक होतं. पट्टी काढायची गरजच नव्हती, वर्तुळं सगळी त्याच्यात मावली असती. पण एवढं दिसल्यावर त्याने भोकाकडे पुन्हा बघितलंच नाही. मधूनच उठलेल्या झुळकीने लव हलत होती, आणि खाली अजून ऊब होती. एवढा शहाणा प्राणी, इतक्या खेपा आपल्या हाती लागला नाही, आणि एक खोटी किंकाळी खरी समजून आला. "माफ कर रे," एल्डन मोठ्याने म्हणाला. त्याला रडू आलं, आणि ते कायोटीसाठीच होतं असं त्याला खात्रीने सांगता आलं नसतं. लव्हॉनसाठी तो अजून रडला नव्हता. मेहुणीसाठी किती रडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गसच्या दुकानामागे गाडीच्या फळीवर गावाने शवविच्छेदन केलं. "ट्वेंटी-टू-फिफ्टी असती तर," डुवेन म्हणाला. "सेव्हन्टीन असती तर," ऑर्व्हिल म्हणाले. गसने सगळ्यांना घालवलं, एल्डनला आत नेलं आणि एक कमावलेलं कातडं पुढे टाकलं. मऊ, दाट, कुठेही डाग नाही, भोक नाही. "हे ने. जे देशील ते दे. मार्व्हाला कशाला कळतंय कुणी मारला?"

एल्डनने ते हातात घेतलं. कुरवाळलं. हवं होतं ते नेमकं हेच. बायकोची अट अक्षरशः पुरी होत होती. पण उभा जन्म शेतकरी त्याला बांधावर म्हणत आले, "जरा वाढवून लिही ना, कुणाला कळतंय," आणि त्याने कधी लिहिलं नाही. "नको," तो म्हणाला. "माझंच कमावून दे. आहे तसं."

ते तयार होऊन आलं तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. एल्डन ते काखेत घेऊन घरी आला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर, भोक वर येईल असं, पसरलं. लपवायचं नाही असं त्याने वाटेतच ठरवलं होतं.

"भोक पडलं," तो म्हणाला. "मोठं आहे. गसने दुसरं देऊ केलं होतं, अख्खं. मी घेतलं नाही. तुला हवं तर अजून जाऊन आणतो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बसतो."

मार्व्हाने हात पुसले. लवीतून बोटं फिरवली. मग कातडं उलटं केलं आणि भोकातून दोन बोटं आरपार घातली.

"भोकाचं काही नसतं रे," ती म्हणाली. "मागून कडा कापायच्या, ओढून शिवायच्या. वरून लव पडते, कुणाला दिसत नाही. लव्हॉनने आणि मी अशी कितीतरी कातडी शिवली आहेत. भोकाशिवाय कातडं मी जन्मात पाहिलं नाही."

एल्डन खुर्चीत बसला. कोठी, दवाखाना, ऑर्व्हिलच्या गाई, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सबंध गावाला विचारून झालं होतं, घरात विचारायचं राहिलं होतं.

"मग एक भोक चालायचं नाही असं का म्हणालीस?"

"तुझ्याच्याने व्हायचं नाही असं वाटलं म्हणून." मार्व्हाचा आवाज फाटला. "कोट पुरा केला तर त्या टाचण्या काढाव्या लागतील, एल्डन. तिने लावलेल्या. मग तिचं काही अर्धवट राहणार नाही."

एल्डन उठला आणि शिवणाच्या खोलीचं दार उघडून उभा राहिला. थोड्या वेळाने मार्व्हा कातडं घेऊन आत गेली.

तिने भोक शिवलं, कॉलर कापली, मग पुतळ्यापुढे उभी राहून टाचण्या काढायला लागली. एल्डनने हात पुढे केला. ती एकेक टाचणी काढून त्याच्या तळव्यावर ठेवत होती. "सांडू नकोस," ती म्हणाली. "डाव्या हातात कशाला धरल्यास?"

"आता तोच जास्त स्थिर आहे."

मशीन चालू झालं, अडलं, पुन्हा चालू झालं. एल्डन टाचण्या धरून उभा राहिला. शेवटी मार्व्हाने दोरा तोडला, कोट पुतळ्यावर चढवला, कॉलर नीट केली, आणि सवयीने मागे वळून बघितलं. मागे एल्डनच होता.

तो दोन पावलं मागे सरला. उजवा हात कंबरेवर ठेवला, डोकं तिरकं केलं. पीकविम्याच्या माणसाने हयातीत पहिल्यांदा काही न मोजता निकाल दिला.

"वाईट नाही."

मार्व्हा हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. मग तिने त्याच्या तळव्यावरच्या टाचण्या गोळा करून लव्हॉनच्या डबीत टाकल्या आणि डबी आपल्या मशीनशेजारी ठेवली.